तुळशीपत्र ठेवलेला पैसा

जामखेड तालुक्यातले चौंडी हे सीना नदीच्या काठचे गाव. ३१ मे १७२५ रोजी इथल्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्यादेवी होळकरांचा जन्म झाला. त्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण होत असताना, ६ मे २०२५ रोजी, महाराष्ट्राचे मंत्रिमंडळ या गावात बैठकीला बसले. चौंडीच्या स्मृतिस्थळासाठी ६८१ कोटी, तुळजापूरसाठी १,८६५ कोटी, कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरासाठी १,४४५ कोटी आणि माहूर, त्र्यंबकेश्वर, जोतिबा व अष्टविनायक धरून एकूण सुमारे ५,५०३ कोटी रुपयांच्या विकास आराखड्यांना तिथे मान्यता मिळाली. अहिल्यानगरसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा निर्णयही त्याच बैठकीतला. त्याच्या काही दिवसच आधी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी, असे मिळून ७४६ कोटी रुपये महिलांना दरमहा पैसे देणाऱ्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेकडे वळवण्यात आले होते. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्याच वर्षी एक रुपयात मिळणारा पीकविमा बंद झाला, सणासुदीचा ‘आनंदाचा शिधा’ थांबला आणि लाडक्या बहिणींच्या यादीतल्या २६ लाखांहून अधिक नावांचे पैसे पडताळणीसाठी रोखले गेले. स्मारकांना पैसा आहे, मग आमच्याच वेळी तिजोरी रिकामी कशी, असा सवाल गावच्या पारापासून विधिमंडळापर्यंत सगळीकडे ऐकू येऊ लागला.

सवाल रास्त आहे, पण तो ज्या शब्दांत विचारला जातो त्यांत त्याचा गाभा हाती लागत नाही. ‘मंदिर की भाकरी’ अशी मांडणी केली की वाद श्रद्धेचा होतो आणि हिशेब बाजूला राहतो. जामखेड आणि भोवतालचा अवर्षणप्रवण नगर (आजचा अहिल्यानगर) जिल्हा यांचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर लोकांच्या रागाचे मूळ वेगळ्या जागी सापडते. या भागाने टंचाई पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. सरकारकडे पैसा कमी आहे, हे इथल्या माणसाला समजते, कारण स्वतःच्या घरातही तो कमीच असतो. त्याला सोसत नाही ती गोष्ट एकच: एकाच्या भुकेच्या नावाने गोळा केलेला पैसा दुसऱ्याच कामाला लावला जाणे. सरकारी खर्चाचा प्राधान्यक्रम बिघडतो तो बहुतेक वेळा असाच, नावाने बांधलेला पैसा त्या नावापासून सुटतो म्हणून. आणि हे ओळखण्याची सर्वांत जुनी कसोटी चौंडीच्याच लेकीने घालून दिलेली आहे.

होळकरांच्या राज्यकारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशी दोन खाती वेगळी होती. १७३४ मध्ये पहिल्या बाजीरावाने मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे सुमारे तीन लाखांच्या उत्पन्नाची खासगी जहागीर लावून दिली. तीत माळव्यातली काही ठाणी होती आणि दक्षिणेतल्या चांदवड, अंबडसारख्या गावांचाही समावेश होता. ही खासगी पुढे अहिल्यादेवींकडे आली. फौज, किल्ले, मोहिमा, पेशव्यांची देणी हा सारा दौलतीचा खर्च. जामखेड तालुक्यातल्याच खर्ड्याला ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, त्या लढाईत होळकरांची फौज होती. तिचा खर्च दौलतीच्या वहीतला. काशीचे विश्वनाथ मंदिर, सोमनाथ, गया, वेरूळचे घृष्णेश्वर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांचा खर्च मात्र खासगीतला. १७६७ मध्ये राघोबादादांनी होळकरांच्या संपत्तीवर डोळा ठेवला तेव्हा अहिल्यादेवींनी त्या द्रव्यावर तुळशीपत्र ठेवल्याचे कळवले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते: दान म्हणून उदक सोडून घ्यायचे तर घ्या, एरवी त्याला हात लागणार नाही. कथा शब्दशः घडली की नाही हा मुद्दा गौण आहे. ती अडीचशे वर्षे मराठी घरांत सांगितली गेली, कारण तिच्यात लोकांना पटलेला एक नियम आहे. तुळशीपत्र ठेवले की तो पैसा मालकाचाही राहत नाही. तो ज्या कामासाठी ठेवला, त्या कामाचा होतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. खासगी म्हणजे काही अहिल्यादेवींनी घाम गाळून मिळवलेली मिळकत नव्हती. जहागिरीचे उत्पन्न म्हणजे त्या परगण्यांतल्या कुणब्यांनी भरलेला सारा. मग खासगी आणि दौलत हा भेद शेतकऱ्याच्या दृष्टीने पोकळच, असे म्हणता येईल. पैशाच्या उगमाबद्दल हा आक्षेप खरा आहे. अठराव्या शतकातले कोणतेच राज्य आजच्या अर्थाने लोकांना जाब देत नव्हते. पण त्या भेदाचे मोल पैसा कुठून आला यावर ठरत नाही, राज्यकर्त्याने स्वतःच्या हाताला घातलेल्या बांधावर ठरते. पुण्यकर्माची हौस भागवताना फौजेच्या पगाराला हात लावायचा नाही आणि फौजेची निकड सांगून अन्नछत्र बंद पाडायचे नाही, एवढे त्या दोन वह्यांनी साधले. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने १८२३ साली मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथात, अहिल्यादेवींच्या मृत्यूनंतर तीस वर्षांच्या आतच, त्यांच्या माफक सारावसुलीची आणि रयतेच्या मिळकतीला धक्का न लावण्याच्या वृत्तीची दखल घेतली. आज चौंडीला मान देताना त्यांच्या मंदिरांची यादी वाचली जाते. त्या यादीमागची वही मात्र वाचायची राहून जाते.

वही न ठेवणारे राज्य कसे असते, हे नगर जिल्ह्याने इंग्रजी अमलात, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पाहिले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. म्हणजे शेतकरी आधीच पिचलेला होता. पाऊस गेला तशी माणसे सरकारी कामांवर आली. १८७७ च्या सुरुवातीला ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी कापली गेली: दिवसभर कष्ट करणाऱ्या पुरुषाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा. कैद्याला तुरुंगात यापेक्षा जास्त खायला मिळत होते. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी त्या दरावर काम करायला नकार दिला आणि कामे सोडली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांची पुण्याची सार्वजनिक सभा यांनी गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. उपाशी माणसांनी मजुरीकपातीविरुद्ध केलेला हा संप महाराष्ट्राच्या इतिहासात फार थोडा आठवला जातो. याच दिवसांत, १ जानेवारी १८७७ रोजी, व्हाइसरॉय लिटन यांनी व्हिक्टोरिया राणीला ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ जाहीर करण्यासाठी दिल्लीत प्रचंड दरबार भरवला होता. एकीकडे रत्तलभर धान्याची मोजदाद आणि दुसरीकडे हत्ती-घोड्यांचे सोहळे, हा विरोध त्या काळच्या वृत्तपत्रांनाही टोचला होता.

पण दरबारापेक्षा पुढची गोष्ट अधिक बोधाची आहे. पुढच्या दुष्काळांची बेगमी म्हणून दरसाल पंधरा लाख पौंड बाजूला ठेवण्याची योजना सरकारने जाहीर केली आणि त्यासाठी १८७८ मध्ये व्यापार-धंद्यांवर परवाना कर बसवला. हा कर दुष्काळासाठी, असे सांगूनच तो घेतला गेला. त्याच वर्षी अफगाण युद्ध सुरू झाले आणि दुष्काळाच्या नावाने उभी राहिलेली शिल्लक युद्धाच्या खर्चात गेली. यावर इथे टीका झाली आणि खुद्द इंग्लंडमध्येही झाली. करालाही विरोध झाला होता, पण हा संताप होता तो शब्द मोडल्याचा. याच संतापातून एक नवी रीत जन्माला आली. १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या ‘केसरी’ने आणि सार्वजनिक सभेच्या माणसांनी गावोगाव जाऊन दुष्काळ संहितेत काय लिहिले आहे ते शेतकऱ्यांना सांगितले: सारा कधी माफ होतो, काम कधी मिळायला हवे, कोणाकडे मागायचे. सरकारला हे इतके खुपले की १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. मदत ही सरकारची मेहरबानी नाही, तो लिहिलेला नियम आहे आणि नियम मोडला तर बोट ठेवता येते, ही जाण या प्रदेशात तेव्हापासून रुजली.

ती जाण पुरती फळली १९७२ च्या दुष्काळात. नगर जिल्हा त्याच्या ऐन तडाख्यात होता. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. रस्त्यांची खडी, पाझर तलाव, नालाबांध. डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेल्या बायका दिवसभर हातोडीने दगड फोडत, संध्याकाळी खडीच्या ढिगाचे माप होई आणि त्या मापावर मजुरी ठरे. मुलांना सुकडी मिळे, रेशनवर परदेशातून आलेला मिलो मिळे. मस्टरवर अंगठा उठवला तरी पगार हातात पडायला आठवडे लागत. काम वेळेवर सुरू करा, मापात मारू नका, पगार थकवू नका, या मागण्यांसाठी मजुरांनी मोर्चे काढले, तहसील कचेऱ्यांना घेराव घातले. शहरात महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. मजुरांच्या मागण्यांची भाषा तपासली तर दिसते की ते दान मागत नव्हते. ठरलेले दाम आणि ठरलेले काम वेळेवर मिळावे, एवढेच मागणे होते.

जामखेडमध्ये याच वर्षांत प्राधान्यक्रमाचा आणखी एक धडा गिरवला जात होता. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये इथे आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्याचा सर्वंकष प्रकल्प सुरू केला. गावांशी बोलताना त्यांना कळले की लोकांच्या यादीत औषध वरच्या क्रमांकावर नाही; आधी अन्न आणि पाणी. प्रकल्पाने तो क्रम मान्य केला. पुढे गावातल्याच, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. स्वच्छ बाळंतपण, लसीकरण, मुलांचे वजन ही कामे त्यांनी हाती घेतली आणि बालमृत्यूंचे प्रमाण वेगाने खाली आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे आरोग्यतज्ज्ञ जामखेडला शिकायला येऊ लागले. कमी पैशात हे घडले ते काटकसरीच्या जोरावर नव्हे. कशावर आधी खर्च करायचा हे ज्यांच्यासाठी खर्च होणार त्यांना विचारून ठरले आणि ठरल्यावर ते बदलले नाही, म्हणून ते घडले. जामखेडचे नाव जगात पोचवणारा हा अनुभव सरकारी खर्चाच्या चर्चेत क्वचितच आणला जातो.

१९७२ चा दुष्काळ सरला, पण कामाची मागणी सरली नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ पासून तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग चालवला होता. त्यातून मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळाले नाही तर बेकारी भत्ता, ही त्यातली कळीची अट. आणि या हक्कामागे पैसा उभा करण्याची तऱ्हाही तितकीच लक्षात घेण्याजोगी होती. १९७५ मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहन कर, बागायती जमीन यांवरचे अधिभार आले. यातून जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने स्वतःची घालायची, असे ठरले. मुंबईचा कारकून आणि बागायतदार यांनी जामखेडच्या खडी फोडणाऱ्या बाईच्या कामाचा भार उचलायचा, असा तो करार होता. शहराने तो फार कुरकुर न करता मान्य केला, कारण पैसा कोणत्या कामाला जाणार हे त्याला सांगितलेले होते. अहिल्यादेवींनंतर इतक्या स्पष्टपणे वेगळी वही घातली गेली ती या वेळी.

पुढे ही वही कशी विसविशीत झाली, हे महाराष्ट्राने स्वतःला प्रामाणिकपणे सांगायला हवे. १९८८ मध्ये किमान वेतनाच्या दराने रोजगार हमीची मजुरी जवळपास दुप्पट करावी लागली. न्याय्यच होते ते. पण खर्चाला आवर घालण्यासाठी पुढच्या काळात कामेच कमी सुरू करण्यात आली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की मजुरी वाढल्यावर मागेल त्याला काम ही हमी प्रत्यक्षात पाळली गेली नाही. कायद्याचा शब्द तसाच राहिला, काम मात्र वाटून-वाटून मिळू लागले. दुसऱ्या बाजूने, कराची वसुली नित्याने चालू राहिली, पण ती पूर्णपणे रोजगार हमी निधीत पोचत नव्हती. महालेखापरीक्षकांच्या अहवालांनी यावर बोट ठेवले. आजही महाराष्ट्रातल्या पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर’ असे एक कलम असते: महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने घालून दिलेली ही कमाल मर्यादा आहे. ज्यांच्या पगारातून हे पैसे कापले जातात, त्यांतल्या बहुतेकांना ते कशासाठी सुरू झाले हे ठाऊक नसते. कर टिकला आणि त्याचे कारण विस्मरणात गेले. १८७८ च्या परवाना कराचे जे झाले, त्याचीच ही सौम्य आणि दीर्घ आवृत्ती आहे.

२००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याचा एक पाया होता. अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा आणि मागणी येईल तसा, ही त्याची ताकद. करोनाच्या २०२०-२१ या वर्षात त्यावर एक लाख कोटींहून जास्त खर्च झाला, कारण मागणीच तेवढी आली. त्यानंतर तरतूद आटत गेली: २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ६०,००० कोटी धरले गेले, नंतर सुधारून ८६,००० कोटी करावे लागले आणि तोच आकडा पुढच्या दोन अर्थसंकल्पांत कायम राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. त्यात दिवस १०० वरून १२५ झाले, पण खर्चाचा ४० टक्के वाटा बहुतेक राज्यांवर आला, प्रत्येक राज्यासाठी वार्षिक नियतव्यय ठरवण्याची पद्धत आली आणि शेतीच्या हंगामात ६० दिवस कामे थांबवण्याची मुभा मिळाली. दिवस वाढले हे चांगलेच झाले. पण मागणीनुसार पैसा आणि ठरलेल्या पैशापुरती मागणी, या दोहोंत हक्क आणि मेहरबानी यांच्याइतके अंतर आहे. दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जाणाऱ्या जामखेड-पाथर्डीकडच्या कुटुंबांना हे अंतर कोणी शिकवायला नको. गावात हमखास काम असते, तर मुलांची शाळा सोडवून ऊसतोडीच्या कोपीवर कोण गेले असते?

या इतिहासाच्या उजेडात ७४६ कोटींकडे पाहिले की त्यातले खरे दुखणे समजते. सरकारची बाजू अशी आहे: लाडकी बहीण योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या महिलाही आहेत, त्यांच्या विभागांचा पैसा त्यांच्याच खात्यात गेला, मग वळवला कसा म्हणायचा? युक्तिवाद ऐकायला सरळ आहे. पण अनुसूचित जाती आणि आदिवासी उपयोजना या मुळात अशा खर्चासाठी झाल्याच नाहीत. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, वस्त्यांतले पाणी आणि रस्ते, अशा गोष्टींत या समाजांचा अनुशेष शतकांचा आहे आणि तो भरून काढण्यासाठी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळी तरतूद असावी, हा त्यामागचा विचार. सर्वांना मिळणाऱ्या लाभात याही महिलांचा हक्क आहेच. तो त्यांना राज्याच्या सामाईक तिजोरीतून मिळायला हवा. सामाईक खर्चातला त्यांचा वाटा त्यांच्याच राखीव पैशातून काढला, तर त्या बहिणीला दीड हजार रुपये देताना तिच्या मुलाच्या वसतिगृहाचा पैसा कापल्यासारखे होते. राग आहे तो यावर आहे, योजनेवर नाही. २०१३ मध्ये आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने असा पैसा वळवायला बंदी करणारे कायदे केले. पुढे कर्नाटकातही सरकारच्या ‘गॅरंटी’ योजनांसाठी याच निधीचा वापर झाल्यावरून वादंग उठला, म्हणजे नुसता कायदाही पुरत नाही. पण कायदा असला की निदान विचारणा कुठे करायची ते ठरते. महाराष्ट्राने रोजगार हमीच्या बाबतीत ही वाट देशाला दाखवली होती. या बाबतीत त्याने मागे राहू नये.

यावर सर्वांत जड आक्षेप तिजोरीचा आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पानुसार राज्यावरचे कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे आणि महसुली तूट सुमारे ४५,८९१ कोटी. लाडकी बहीण योजनेसाठीच त्या वर्षी ३६,००० कोटी ठेवावे लागले. अशा वेळी कुठे ना कुठे कात्री लागणारच, आणि प्रत्येक कपातीला विश्वासघात म्हणणे बेजबाबदारपणाचे, असे जाणती माणसेही म्हणतात. त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. वित्तीय शिस्त नसलेले राज्य शेवटी गरिबालाच बुडवते. पण शिस्त म्हणजे आधी कोणत्या खर्चाला हात लावायचा याचा जाहीर क्रम. बेरीज जुळवून दाखवली म्हणजे शिस्त पाळली असे होत नाही. निवडणुकीच्या तोंडावर जाहीर झालेली योजना आणि कायद्याने दिलेला हक्क एकाच मापाने कापता येत नाहीत. २०२४ च्या जुलैत सुरू झालेली आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत दीड हजारांचे २,१०० करण्याच्या आश्वासनापर्यंत गेलेली योजना वर्षभरात पडताळणीच्या चाळणीतून जाते, तेव्हा पैसे रोखले गेलेल्या बाईला अपील कुठे करायचे ते माहीत नसते, कारण तिच्या हाती हक्क नव्हता, शासन निर्णय होता. चाळणी आधी लावली असती तर ती शिस्त ठरली असती; मते पडून गेल्यावर लावली की लोक तिचा वेगळाच अर्थ लावतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

रोजगार हमीवरचे आक्षेपही दडवण्याचे कारण नाही. खोटी मस्टरे, मेलेल्यांच्या नावाने हजेरी, कुठेही न जाणारे रस्ते, गाळाने भरलेले पाझर तलाव हे सगळे महाराष्ट्राने पाहिले आहे. त्यापेक्षा थेट खात्यात रोख दिलेली बरी, असे म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे. बाईच्या नावावर पडणारा पैसा मुकादमाच्या हातातून गळत नाही. स्मारकांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे: यात्रेकरू येतात, हॉटेलवाल्याला, रिक्षावाल्याला, फुलवाल्याला चार पैसे मिळतात आणि आपल्या मातीतल्या एका राणीचा मान राखला जातो. चौंडीला जाणारा रस्ता चांगला व्हावा, यात गैर काहीच नाही. पण हे सगळे युक्तिवाद कोणता खर्च चांगला एवढेच सांगतात. एकाचा पैसा दुसऱ्याला देण्याचा अधिकार त्यांतून मिळत नाही. हमीत चोरी झाली तर चोराला पकडायचे, हमी आटवायची नव्हे. रोख रक्कम चांगली असेल तर तिच्यासाठी वेगळा कर, वेगळे खाते आणि कायदा करायचा, पागे यांच्या काळात झाला तसा. स्मारक करायचे तर त्याचीही वेगळी वही, आणि तिच्यासाठी दुसऱ्या कोणत्याही वहीतून एक रुपयाही आलेला नाही हे ठसठशीत दाखवणारे पान.

चौंडीच्याच एका सुपुत्राकडे, प्रा. राम शिंदे यांच्याकडे, डिसेंबर २०२४ मध्ये विधान परिषदेचे सभापतिपद आले. याच पदावरून वि. स. पागे यांनी हमीच्या कायद्याचा पाठपुरावा केला होता. जामखेडच्या वाट्याला आलेला हा योग या मातीने सार्थकी लावावा, असे वाटते. त्यासाठी नवी योजना नको. तीनच गोष्टी पुरतील: व्यवसाय कराची वसुली किती झाली आणि रोजगार हमीवर किती गेली याचा दरवर्षी विधिमंडळात वेगळा हिशेब, अनुसूचित जाती-जमाती उपयोजनांच्या पैशाला कायद्याचे कुंपण, आणि महिन्याचा भत्ता द्यायचा तर तो शासन निर्णयाने नव्हे, अपिलाचा हक्क देणाऱ्या कायद्याने. हमी मागणाऱ्या बाईला ग्रामपंचायतीत कामाच्या मागणीची एक पोचपावती मिळते. त्या चतकोर कागदावर तारीख असते आणि त्या तारखेपासून पंधरा दिवस मोजले जातात. पावती दिली नाही की दिवस सुरूच होत नाहीत, भत्त्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून ती द्यायला टाळाटाळ होते, आणि म्हणूनच जाणती बाई पावती हातात पडेपर्यंत उंबरा सोडत नाही. १८७७ मध्ये रत्तलभर धान्यावर काम करायला नकार देणारी माणसे आणि पावतीसाठी अडून बसलेली ही बाई एकच गोष्ट मागत आहेत. सरकारने आपल्या शब्दाखाली तारीख घालावी आणि त्या शब्दासाठी ठेवलेल्या पैशाला दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नये. चौंडीच्या लेकीने हे तुळशीपत्र ठेवून सांगितले होते. तिच्या नावाच्या जिल्ह्यात ते त्या पावतीवर लिहिलेले दिसले, तर तिचे स्मारक खऱ्या अर्थाने उभे राहील.